पाखंडी शेजारीण

माझी जीभ लहानपणापासून फटकळ. त्या जिभेने सर्वांत मोठा घात केला तो अठ्ठ्याऐंशी साली, सिल्वासात. माझा मुलगा विशाल सव्वा महिन्याचा झाला म्हणून आम्ही सत्यनारायण घातला होता.

शेजारची बायडाबाई खानदेशातली, महानुभाव पंथाची. मला कळा सुरू झाल्या तेव्हा माझे यजमान सरकारी कामावर रांधा गावी गेलेले. सायली गावातल्या कंपनीतली कामाची पाळी बुडवून तिनेच मला दवाखान्यात नेलं आणि नंतर रोज बाळाला न्हाऊ घातलं. पूजेच्या दिवशी मात्र तिने प्रसादाचा द्रोण घेतला नाही, नुसते हात जोडले. श्रीकृष्णाला मानणारी ही माणसं इतर देवांचा प्रसाद घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी चारचौघांत मी म्हणाले, "माझ्या बाळाचा प्रसादही नको? पाखंडी कुठली."

ती उठून गेली. पुढचे तीन दिवस फिरकली नाही. विशाल माझ्या हातून न्हाईना, रडून लालबुंद व्हायचा. मी मात्र नाक वर करून बसले होते.

आमच्या पूजेत पोथी वाचणारे दत्तात्रय सर शाळेत संस्कृत शिकवत. ते माझीच बाजू घेतील या भरवशावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाखंड हा शब्द पाषंडावरून आला, आणि पाषंड म्हणजे मुळात पंथ, कुठलाही. अशोकाने गिरनारच्या शिळेवर कोरून ठेवलंय की सगळ्या पाषंडांचा मान राखावा. दुसऱ्याला नावं ठेवणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. त्या शब्दाची शिवी लोकांनी मागाहून केली.

"आणि परवा तुम्ही," एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. मी शरमेने मेल्याहून मेले.

त्याच संध्याकाळी तिच्या दारात गेले. शिजवलेलं काही नेलं नाही. रवा, साखर, तूप असा कोरा शिधा सुपात घेतला. तिने सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्टोव्ह पेटवला, शिरा केला, आपल्या देवाला उपहार, म्हणजे त्यांचा नैवेद्य, दाखवला आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांनी घेऊन सगळा खाल्ला. मग माफी मागितली.

ती म्हणाली, "मना आजीले बी लोक पाखंडी म्हनेत. त्यानं काही वाटत नही. तुना तोंडे उनं, ते लागनं."

तो शब्द माझ्या तोंडून आला म्हणून तिला लागला होता; त्या परक्या मुलखात मला कुणी इतकं आपलं मानलं होतं. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला उठवलं आणि बाळाला आणायला पाठवलं.