संध्याकाळी घरी परत

भिंगरीच्या बाबांनी अख्खं आयुष्य बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं बसवण्यात घालवलं होतं, त्यामुळे युरोपची पहिलीवहिली सहल आखायचा मान त्यांचाच. आईची नजर झपाट्याने अधू होत चालली होती. "जे बघायचंय ते यंदाच बघून घ्या," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बाबा आठवडाभर खपले आणि एकदाचे छाती फुगवून म्हणाले, "बघा!"

भिंगरीने नकाशावर झडपच घातली आणि जागच्या जागी गार पडली. पॅरिस, प्राग, रोम, सगळीकडच्या लाल रेघा घरातून निघून, शेजारी लिहिलेल्या वेळांप्रमाणे, त्याच दिवशी घरीच परतत होत्या.

"अहो बाबा, तिथे राहायचं कुठे?"

"राहायचं कशाला? गाडी संध्याकाळी डेपोत आलीच पाहिजे."

"म्हणजे उतरायचं आणि परतीचं विमान धरायचं? मग आई बघणार काय, विमानतळ?"

"मग राहू दे जाणं," बाबा म्हणाले, रागाने नाही, सुटल्यासारखे. तेव्हा कुठे भिंगरीच्या लक्षात आलं, की तिच्या आठवणीत बाबा एकही रात्र घराबाहेर झोपले नव्हते.

"आई, आपण दोघीच जाऊ या!"

"आणि यांना एकटं सोडू? मी नसले की डोळा लागत नाही गं त्यांचा," आई म्हणाली. मग तिने नकाशा पार नाकापाशी नेला. "रोम कुठंय, राणी?"

भिंगरीने तिचं बोट धरून रोमवर टेकवलं. आई बराच वेळ तिथेच बघत राहिली.