प्रोफेसरचं काम

आमच्या दादांना कुठलंही गणित दोनदा करायची सवय होती. एकदा कागदाच्या डाव्या बाजूला, एकदा उजव्या. लहानपणी मी विचारलं होतं, दोनदा कशाला? तर म्हणाले, "पहिलं माझ्यासाठी, दुसरं बघणाऱ्यांसाठी." हे बघणारे कोण, ते मला पुढं उमरग्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागल्यावर कळलं. आपण वर्गात पाऊल टाकायच्या आधीच आपली कॅटेगरी स्टाफरूममध्ये जाऊन बसलेली असते.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, प्रोफेसर डॉ. प्रसेनजित आबाराव सरवदे. गाव आमचं जळकोटच्या आत, हायवे सोडून काळ्या रानात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत उचलून फाडते. फाटलेल्या भिंतींच्या आडोशाला वाढलेल्या पोरानं पुढं पीएच.डी. केली तीही काळ्या मातीत पाया कसा घालायचा यावरच. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी तेच आयुष्यभर शिकवलं. त्यांच्या पद्धतीनं कालवे झाले, पूल झाले. पण विभागप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा दोन्ही वेळा त्यांच्याच हाताखाली शिकलेली माणसं त्या खुर्चीत बसली. जयंतीचं भाषण असलं की पहिला फोन दादांना, पुलाच्या तपासणीची समिती असली की त्यांची आठवण कुणाला व्हायची नाही.

मी चिडायचे. मला चिडायला वेळ लागत नाही. दादा मात्र शांतपणे म्हणायचे, "नंदा, माझं एकबी काम आजवर तडकलं न्हाय. बोट ठिवायला जागाच दिली न्हाय कुणाला." एवढीच त्यांची कमाई होती आणि तिला ते जिवापाड जपायचे.

ते रिटायर झाले त्या वर्षी आमच्या वस्तीनं विहार बांधायला काढलं. सरकारी निधी मंजूर झाला, वर लोकांनी वर्गणी काढली. कमिटीचा अध्यक्ष धम्मपाल, आमच्या चुलतभावाचा मुलगा. दादा पुण्याहून स्वतः आले, खड्डा खणायला लावला, माती चोळून बघितली आणि ड्रॉइंग करून दिलं. निघताना धम्मपालला पुन्हा पुन्हा बजावलं, "मुरूम लागंस्तवर खाली जायचं. मधी थांबायचं न्हाय."

त्यानंतर महिन्याभरात दादांचं बायपास झालं. इकडं पाया खणताना पाणी लागलं, जेसीबीवाला निघून गेला, जयंती तोंडावर आली आणि बुद्धमूर्ती तर गावात येऊन बसलेली. धम्मपालनं कमरेइतक्या खड्ड्यातच पाया भरून घेतला. एक फोन करायचा होता. पण काकांचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या जिवाला घोर नको, असा त्यानं विचार केला म्हणे. आणि ज्या माणसाला विचारलं नाही, त्याचंच नाव दारातल्या संगमरवरावर सोनेरी अक्षरात कोरून ठेवलं. 'आराखडा व मार्गदर्शन'. काकांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता!

एक पावसाळा गेला, एक उन्हाळा आला आणि विहाराची मागची भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत फाटली. त्या साली जयंतीला दादा प्रमुख पाहुणे होते. तब्येत सावरल्यावर पहिल्यांदाच गावाकडं निघाले होते, म्हणून मीही उमरग्याहून गेले. तडा होता तिथं पोरांनी निळा बॅनर टांगला होता, आणि बॅनरवर दादांचाच फोटो होता, समाजभूषण म्हणून.

दादांनी आत आल्या आल्या भिंतीजवळ उचललेल्या फरशीकडं बघितलं. मग बॅनरचा कोपरा उचलून आत हात घातला. मनगटापर्यंत हात गेला.

"पाया किती खाली नेला?"

धम्मपाल खाली बघायला लागला. "काका, पाणी लागलं… तारीख जवळ आली हुती… तुमाला तरास नको म्हनून…"

दादांनी बॅनर पुन्हा नीट केला. त्यांना बसायला खुर्ची मागवली मी.

तेवढ्यात हिंमतराव आले. गावचे बडे बागायतदार, शाळेत दादांच्या वर्गात होते. आपल्या मुलाला, युवराजला, त्यांनी डोनेशन भरून इंजिनिअर केलं. त्या युवराजनं बांधलेली गावची पाण्याची टाकी पहिल्याच वर्षी गळायला लागली, तेव्हा गाव म्हणालं सिमेंट खराब आलं असंल. युवराजच्या डिग्रीकडं कुणी बोट दाखवलं नाही, जातीकडं तर नाहीच नाही.

हिंमतरावांना तड्याची खबर आधीच होती. माईकसमोर उभं राहून, हसत हसत म्हणाले, "आमी पैशे भरून पोरगं शिकवलं म्हनून लोक नावं ठिवत्यात. फुकटच्या डिगरीचं काम बी बघा म्हनावं जरा." पुढच्या रांगेत काही जण हसले. मग सूर बदलून ते म्हणाले, "पर प्रोफेसर, खरं सांगा. काम तुमच्या ड्रॉइंगपरमानं झालंय न्हवं? झालं नसंल तर निधीचा पैसा गेला कुटं, ह्याची चौकशी लावावी लागंल कमिटीची."

सगळी वस्ती दादांकडं बघत होती. धम्मपालची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. धम्मपालनं कुणाचा एक पैसाही खाल्ला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चौकशी लागली असती तर हे ऐकून कोण घेणार होतं? मी मनात म्हणत होते, बोल धम्मपाल, तूच बोल, चूक कुणाची ते सांगून टाक. त्यानं डोळ्यांतून पाणी तेवढं काढलं.

दादा खुर्चीला धरून उठले.

"ड्रॉइंगपरमानंच झालंय," ते म्हणाले. "माझा हिशोब चुकला."

हिंमतरावांचा चेहरा कसा खुलला! पन्नास वर्षं अडकलेला घास उतरावा तसा. दादांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "असू द्या, असू द्या. चुकतंय मानसाचं." आणि शाल त्यांनीच दादांच्या अंगावर घातली, नारळही त्यांनीच दिला.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. "दादा, जन्मभर दोन-दोन वेळा गणितं केली ती ह्याच्यासाठी? त्या हिंमतरावाच्या हातात आयती काठी दिली तुम्ही!"

दादांनी अंगावरची शाल काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, "धम्मपालला हितंच ऱ्हायचंय, नंदा. आपलेच दात, आपलेच ओठ. काय करतीस?"

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या दिवशी हिंमतरावांपेक्षा जास्त राग मला धम्मपालचा आला. परक्यांनी चाळीस वर्षं जे नाव पाडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, ते आमच्या माणसांनी प्रेमानं पाडून दाखवलं.

विहाराचा पाया नंतर दादांनी पुण्याहून फोनवर सांगून सांगून दुरुस्त करून घेतला. आता भिंतीला केसाएवढीही चीर नाही. पण ते बघायला कोण जातंय? गावात कुणाचा ओटा खचला, कुणाचा स्लॅब गळला, की लोक एकमेकांना डोळा घालून विचारतात, "प्रोफेसरचं काम हाय का?"

गेल्या महिन्यात युवराजच्या त्या टाकीचा जिना कोसळला. सुदैवानं वर कुणी नव्हतं. मी गावाकडंच होते, आवाज ऐकून धावत गेले. नळावर बायका घागरी टाकून उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी पडलेल्या पायऱ्यांकडं बघून म्हणाली, "प्रोफेसरचं काम दिसतंय."

म्हातारी आमच्याच वस्तीतली होती.