आण्याच्या फोनसाठी अर्ज

ओतूरच्या पेठेत सुवालालशेटचं कापडाचं दुकान होतं, आणि त्याच्या माडीवर त्यांची मुलगी हर्षा मोफत कायदा सल्ला केंद्र चालवायची. ही दोन हजार चार सालची गोष्ट. हर्षा पुण्याहून वकिलीची परीक्षा पास होऊन आली होती. आठवड्यातले चार दिवस ती जुन्नरच्या कोर्टात असायची, दोन दिवस माडीवर. जोडीला पिंपळवंडीच्या सारजाबाई. सातवी शिकलेल्या, एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या. समोरची बाई रडायला लागली तर तिला आधी चहा द्यायचा की आधी कागद मागायचा, हे त्यांना बरोबर कळायचं.

केंद्रात यायच्या त्या पोटगीच्या, वारसनोंदीच्या, वाटणीच्या तक्रारी. सगळ्यांत लांबून यायच्या त्या आणे गावच्या, पठारावरच्या बायका. घाट उतरायचा, आळेफाट्याला गाडी बदलायची, ओतूरला पोचायचं, आणि इथं कळायचं की एक उतारा आणायचा राहिलाय. बाई पिशवी उचलून निघायची. हर्षाला ते बघवत नसे.

म्हणून, पुण्याचा एक न्यास कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांना तंत्रज्ञानासाठी अनुदान देणार आहे, अशी जाहिरात पेपरात आली तेव्हा ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर आली. अर्ज अकरा पानांचा, आणि सगळा इंग्रजी. हर्षा एकेक प्रश्न मराठीत सांगायची आणि सारजाबाई उत्तर द्यायच्या. संस्थेकडे सध्या कोणतं तंत्रज्ञान आहे, या प्रश्नावर सारजाबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि पंखा लिही म्हणाल्या. पाच वर्षांनी संस्था कुठे असेल, यावर त्या म्हणाल्या, हितंच आसंल, शेटनी खोली काढून न घेतली तर. हर्षाला हसू आवरेना. हसून हसून तिच्या हातातलं पेन खाली पडलं. खालून सुवालालशेटनी विचारलं की वर नक्की कोणाचा खटला चाललाय.

पण मुख्य प्रश्नाला सारजाबाईंनी जे सांगितलं ते हर्षाला सुचलंच नव्हतं. प्रश्न होता, तुम्हाला काय हवं आहे? हर्षाच्या डोक्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता. सारजाबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर तुला. आण्याच्या बाईला फोन. तिथल्या दुकानात पीसीओ हाय. तिनं तिथं बसायचं, तू हितं बसायचं. कंच्या कागदावाचून आडलंय ते तिला घरबसल्या कळंल. घाट उतरायचा तो एकदाच, कोर्टासाठी."

हर्षाने ते शब्द जसेच्या तसे इंग्रजीत केले, आणि नीट ऐकू यावं म्हणून आण्याच्या फोनला एक स्पीकरही मागितला. अर्ज फ्लॉपीवरही हवा होता. गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोघींनी चार संध्याकाळी बसून तो टाइप केला. फ्लॉपी वाकू नये म्हणून सारजाबाईंनी ती भाकरीच्या डब्यात ठेवली आणि पुण्यापर्यंत डबा मांडीवरून खाली उतरवला नाही. मुदत पाच वाजेपर्यंत होती. त्या पावणेपाचला पोचल्या. कारकुनासमोर डबा उघडला तर फ्लॉपीला चटणीचा वास. त्याने ती नाकाजवळ नेली, दोघींकडे पाहिलं आणि शिक्का मारला. परतीच्या एसटीत आळेफाट्यापर्यंत दोघी त्या कारकुनाचं तोंड आठवून हसत होत्या.

महिन्याने पत्र आलं. न्यासाची दोन माणसं प्रत्यक्ष बघायला येणार होती आणि फोनवरून सल्ला कसा देणार ते करून दाखवायचं होतं. दिवस नेमका आठवडे बाजाराचा. पाहुण्यांना दोन्हीकडचं बोलणं ऐकू यावं म्हणून हर्षाने मंडप-लाउडस्पीकरवाल्या संपतला बोलावलं. संपतने खटपट करून फोन आपल्या मशिनला जोडला आणि खोलीत एक छोटा स्पीकर ठेवला. त्याच मशिनवरून सकाळी तो सुवालालशेटच्या लग्नसराईच्या सेलची जाहिरात करत होता. त्यासाठी लावलेला मोठा भोंगा छपरावर तसाच होता.

सारजाबाई आदल्या दिवशीच आण्याला जाऊन राहिल्या होत्या. साळुबाई नावाच्या एका धीट बाईला त्यांनी तयार केलं होतं. खराखुरा प्रश्न विचारायचा नाही, नुसता नमुना म्हणून रेशनकार्डाचं काहीतरी विचारायचं, असं ठरलं होतं.

अकराच्या सुमाराला पाहुणे आले. एक निवृत्त न्यायाधीश बाई आणि एक तरुण इंजिनिअर. फोन लागला. हर्षाने नमस्कार केला, तिकडून साळुबाईने केला. आवाज खणखणीत आला. इंजिनिअरने खूश होऊन मान हलवली. मग साळुबाईने प्रश्न विचारायचा होता.

"वकीलबाई, रेशनकार्ड ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खरं इचारू का? माझा बाप वारला. सावळेराम माझा भाऊ. त्यानं घरी एका कोऱ्या कागदावर माझा आंगठा घेतला आन् म्हनला, तुझा हक्क सुटला. तलाठ्याकडं एकट्याचं नाव लावायला दिलंय. माझा हक्क सुटला का?"

हर्षा प्रात्यक्षिक विसरली. तिने विचारलं, नोंदीची नोटीस लागून किती दिवस झाले. अकरा, साळुबाई म्हणाली. मग हर्षाने सावकाश समजावलं की जमिनीचा हक्क घरी कोऱ्या कागदावर सुटत नाही, त्याला नोंदणी कचेरीत रीतसर दस्त करावा लागतो. नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, म्हणजे अजून चार दिवस हातात आहेत. बापाच्या जमिनीत तुमचा वाटा आहे, ती म्हणाली, उद्याच हरकतीचा अर्ज द्या, तो मी आज लिहून पाठवते.

बोलता बोलता तिला जाणवलं की बाहेर विचित्र शांतता आहे. बाजाराच्या दिवशी पेठेत गलका असतो. आता भाजीवालेही ओरडत नव्हते. ती खिडकीपाशी गेली. खाली सगळा बाजार माना वर करून उभा होता. संपतने कपाळावर हात मारला. सकाळचा भोंगा बंद करायचा राहिला होता. साळुबाईचा सगळा प्रश्न आणि हर्षाचं सगळं उत्तर, अख्ख्या ओतूरने ऐकलं होतं.

संपतने धावत जाऊन खटका दाबला, तो नेमका उलटा. खोलीतला स्पीकर बंद झाला, भोंगा चालूच राहिला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि धोतर सावरत, हातात नवी कोरी घमेली घेतलेला एक माणूस दारात उभा राहिला. मागे पंधरावीस माणसं. त्याने घमेली खाली ठेवली आणि मीच सावळेराम म्हणाला. आता हा भांडणार, असं हर्षाला वाटलं. पण त्याने फक्त फोन मागितला.

"साळे, मी बोलतोय," तो म्हणाला, आणि ते छपरावरून सगळ्या पेठेला ऐकू गेलं.

तिकडून साळुबाई म्हणाली, "तू बी गेलास व्हय सल्ला घ्यायला?" हे फोन कानाला लावलेल्या सावळेरामला ऐकू आलं, आणि बाहेरच्या भोंग्यातून बाजाराला. खाली हशा पिकला. जिन्यावरची माणसं हसली. सावळेराम एवढासा झाला, आणि मग तोही हसायला लागला, अवघडल्यासारखा, मान खाली घालून.

"लाव तुझं नाव," तो म्हणाला. "मी येतो तलाठ्याकडं. आता न्हाई म्हनलो तर मला ह्या बाजारात मिरची बी कोन देनार न्हाई."

संपतला अखेर बरोबर खटका सापडला. माणसं पांगली. सावळेराम घमेली घेऊन गेला. सुवालालशेटनी खालून वर निरोप पाठवला की गर्दी झालीच आहे तर सेलचंही एकदा सांगून टाका. हर्षाला हसू फुटत होतं, पण न्यायाधीश बाई हसत नव्हत्या.

त्यांनी शांतपणे विचारलं, "हिच्या जागी नवऱ्याचा मार खाणारी बाई बोलत असती तर?"

हर्षाचं हसू गेलं. चूक आपली आहे, ती म्हणाली, आणि लहान नाही. तिने पुन्हा फोन लावून साळुबाईला घडलेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. साळुबाईने तिलाच समजावलं, बरंच झालं, आता गावात दहा जणांना दहादा सांगायला नको. पण हर्षाला ते पुरेसं वाटलं नाही. पाहुण्यांसमोरच तिने अर्जाची आपली प्रत काढली, स्पीकरचं कलम खोडलं आणि तिथं लिहिलं: आण्याच्या दुकानात फोनसाठी लाकडी केबिन, आतून कडी लागणारं दार असलेली. इंजिनिअर अडखळत म्हणाला की आमच्या यादीत दार बसत नाही, दार काही तंत्रज्ञान नाही. न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "आज बसवा," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात मंजुरी आली. कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि केबिन. हर्षाने पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून मोठ्याने, आणि एका गिऱ्हाइकालाही मिठी मारली. त्याआधीच साळुबाईचं नाव उताऱ्यावर चढलं होतं. तलाठ्याकडे सावळेराम खरंच गेला होता. शब्द फिरवायची सोयच उरली नव्हती, असं तो सांगायचा.

ओतूरच्या सुताराने केबिन बनवली. पोपटी रंगाची, उभ्या कपाटासारखी, आत बसायला फळी. टेम्पोत ती दोरखंडाने बांधली, तेव्हा सारजाबाई म्हणाल्या, ही हलंल, मी धरून बसते. धरून म्हणजे आत बसून. हर्षाही मागून शिरली. फळीवर दोघी मावत नव्हत्या, गुडघ्याला गुडघे लागत होते. आणे घाटात प्रत्येक वळणावर केबिन एका अंगाला कलायची आणि दोघी एकमेकींवर पडायच्या. समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघायची. सारजाबाई दार उघडून त्यांना रामराम करायच्या आणि पुन्हा लावून घ्यायच्या. हर्षाच्या पोटात हसून कळ आली. शेवटी कोर्टातल्यासारखं तोंड करून बसायचं ठरवलं तिने, तेही एकच वळण टिकलं.

आण्याला केबिन दुकानाच्या कोपऱ्यात उभी केली. फोनची तार अजून आत यायची होती. बायका जमल्या होत्या. चिमाबाई नावाची एक म्हातारी पुढे झाली, आत शिरली आणि आतून कडी लावली. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. साळुबाईने दारावर टकटक केली आणि सांगितलं की आत्या, फोन अजून लागला नाही. कडी निघाली.

"ठावं हाय मला," चिमाबाई म्हणाली. "आजून थोडा येळ बसू का?"

बायका म्हणाल्या, बसा. हर्षाने बाहेरून दार हळूच लोटलं.