उजव्या हाताचं खोटं

"तुमची बहीण कोणत्या हातानं कामं करते?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाई विहिरीतून जिवंत वर काढलेली, आठ दिवस तोंडातून शब्द नाही, घास भरवला तर गिळते, आणि या माणसाला हाताच्या चौकशा!

मी दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त करणारा फिटर. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलो होतो की, साहेब सहज म्हणून जे विचारतो ते सहज कधीच नसतं. त्यातून शेजारच्या बाकावर ललिताची सासू, झुंबरबाई, कान टवकारून बसलेली.

"उजव्या," मी म्हणालो. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं.

साफ खोटं होतं. ललिता जन्माची डावरी. लहानपणी ती डाव्या हातानं जेवायला लागली की आई चिंधीनं तिचा तो हात पाठीमागं बांधायची. आई शेतावर गेली की ते काम माझ्याकडं. मी थोरला, मला त्यात फार मोठेपणा वाटायचा. पुढं शिरूरचं स्थळ आलं, तेव्हा महिनाभर तिच्याकडून उजव्या हातानं नाव गिरवून घेतलं, उजव्या हातानं पोह्यांच्या बश्या द्यायला लावल्या. लग्न जमलं. पण आता पोरीनं विहीर गाठली होती. "पोरगी मुळातच वाकडी होती, तुम्ही आमच्या गळ्यात मारली," असं म्हणायला झुंबरबाईंना आणखी एक निमित्त मी देणार नव्हतो.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. शिरूरच्या त्या छोट्या दवाखान्यात हे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून यायचे. बरोबर शॉकची लाकडी पेटी. आधी झोपेचं इंजेक्शन, मग डोक्याला करंट. ललिताच्या नवऱ्यानं, जयसिंगनं, कागद न वाचताच सही केली आणि साखर कारखान्यावर पाळी आहे म्हणून निघूनही गेला. एवढी कसली घाई? झुंबरबाई मात्र दवाखाना सोडून हलत नव्हत्या. ललिता मला एकटी सापडू नये, म्हणूनच पहारा असणार, हे मी ओळखलं.

दुसऱ्या शॉकनंतर ललिता डोळे उघडून बघू लागली. तिसऱ्यानंतर आपणहून उठून बसली. मला हायसं वाटलं, पण ते काही तासच टिकलं. तिला भूक लागली होती. ती तोंड उघडायची, मिटायची.

"ते... गोल... तव्यावरचं..." एवढं म्हणाली आणि रडायला लागली. भाकरी हा शब्द तिला सापडत नव्हता. संध्याकाळी स्वतःच्या पोरीचं नावही आठवेना.

माझं टाळकंच फिरलं. त्या घरात काहीतरी घडलं होतं, नाहीतर माझी बहीण विहिरीकडं गेलीच नसती. आणि ते तिच्या डोक्यातून पुसून काढायला ही पेटी आणली होती. सासू आणि डॉक्टर दोघं एकातले.

शुक्रवारी डॉक्टर आल्या आल्या मी त्यांना दारातच अडवलं. "आता बास. मी तिला दौंडला न्हेतो. तुम्ही माझ्या बहिणीची आठवण पुसताय."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यामुळं माझा संशय आणखीच वाढला.

"नेऊ शकता," ते म्हणाले. "पण हा उदासीचा आजार आहे, आणि ती अजून निम्मीच बरी झाली आहे. आता उठून चालण्याइतकी ताकद आली आहे, आणि मरायचा विचार पुरता गेलेला नाही. अशा वेळी घरी नेणं सगळ्यात धोक्याचं. आठवणीचं म्हणाल, तर ती कमीत कमी जावी म्हणूनच मी एकाच बाजूनं, उजवीकडून शॉक देतो. दोन्ही बाजूंनी दिला तर विसर जास्त पडतो. म्हणूनच मधे दिवसही सोडतो."

"मग शब्द का गेले तिचे?"

"तेच मला कळत नाही. उजव्या हातानं कामं करणाऱ्या माणसाची भाषा बहुतेक मेंदूच्या डाव्या बाजूला असते. उजवीकडून शॉक दिला तर शब्दांना सहसा धक्का लागत नाही. डावखुऱ्या माणसाचं मात्र सांगता येत नाही, काहींचं उलटं असतं. तिथं बाजू बदलून पाहावी लागते." त्यांनी वही उघडली. "म्हणून तर पहिल्याच दिवशी तुम्हाला हात विचारला होता."

मागं झुंबरबाई उभ्या होत्या. आत कॉटवर ललिता बसली होती, स्वतःच्या पोरीचं नाव शोधत. मला झुंबरबाईंची भीती वाटत होती हे खरं, पण त्या क्षणी मला माझीच किळस आली.

"डावरी हाय ती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

डॉक्टर काही बोलायच्या आत झुंबरबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय."

मी गर्रकन वळलो. "कवापासनं?"

"लगीन झाल्यावर आठ दिवसांत. भाकरी डाव्या हातानं थापती की. मला काय डोळं न्हाईत?"

आम्ही तिला उजव्या हातानं जेवायला शिकवलं, वाढायला शिकवलं, लिहायला शिकवलं. भाकरी कोणत्या हातानं थापते ते बघायला मी चुलीपुढं कधी बसलो होतो?

"मग मावशी, त्या दिवशी बोलला का न्हाई?"

"तुम्ही सख्खं भाऊ, उजवा म्हणून सांगितलं. मी मधी तोंड घातलं असतं तर म्हणाला असता, सासू पोरीला नावं ठेवती. आल्यापासनं माझ्याकडं चोरावानी बघताय तुम्ही." पदरानं त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, हात विचारून काय व्हायचंय? मी बी गप बसले."

डॉक्टरांनी वहीतला शब्द खोडला. त्या दिवशी त्यांनी डावीकडून शॉक दिला. "उजव्या बाजूला विसावा मिळाला तर शब्द परत येतील. खात्री नाही, करून पाहू," असं आधीच बजावलं. ललिता शुद्धीवर आल्यावर तासाभरानं ते तिच्यासमोर बसले. झुंबरबाईंनी घरून आणलेलं फडकं उघडून धरलं होतं, त्याकडं बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

तिनं डावा हात पुढं केला. "भाकरी."

"आणि या कोण?"

"आत्याबाई." मग आपणहूनच म्हणाली, "माझी सुमन कुठं हाय?"

झुंबरबाईंना हुंदका फुटला. डॉक्टरांनी पेन माझ्याकडं वळवलं. "आणि हे?"

ललितानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. सापडलेला शब्द हातात धरून बघावा, तशी ती बघत होती.

"दादा," ती म्हणाली. "माझा हात बांधायचा."

"हे बरोबर आहे का?" डॉक्टरांनी मला विचारलं. वही उघडी होती, झुंबरबाई ऐकत होत्या.

"बरोबर हाय," मी म्हणालो.