हात दिसतो, पण…

सोलापुरातला इंग्रजांचा मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं. सांगोल्याकडचा बिरप्पा शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडताना झाडावरून डोक्यावर पडला. जखम भरली, ताप उतरला. मग एका सकाळी त्यानं बायकोला विचारलं, "मायाक्का, काय करतीस गं?"

ती भाकरी थापत होती. "दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय की. तुजे हात दिसत्यात, पीठ दिसतंय. पर काय चाललंय ते कळंना."

तिला थट्टा वाटली. दुपारी शेजारच्या धुळाप्पानं काठी उगारली, तसा बिरप्पा धावत जाऊन त्याला भिडला. "बायकूला मारतूस व्हय?"

"आरं, चिंचा पाडतूय की!"

धुळाप्पाची बायको खाली पदर पसरून उभी होती. मायाक्का घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कंगवा दाखवला. "हे काय?"

"कंगवा."

डॉक्टरांनी स्वतःचे केस विंचरले. "आता मी काय केलं?"

बिरप्पा गोंधळला. "हात वर गेला... मागं आला."

डॉक्टरांनी कंगवा त्याच्या हातात दिला. त्यानं सरळ भांग पाडला. डॉक्टर मायाक्काकडे वळले. "डोळे ठीक, हात ठीक. बाई, असा पेशंट मी पाहिला नाही."

बाहेर मायाक्का चुरमुरे घ्यायला रस्त्यापलीकडे गेली. बिरप्पा मागोमाग निघाला, तसा तिनं हात उंचावला. ती बोलावतेय की हाकलतेय? त्यानं नुसता तिच्यासारखा हात धरून पाहिला. शेळ्या अडवताना तो असाच हात धरायचा! तो जागीच थांबला. टांगा अंगाला घासून गेला.

तेव्हापासून तो समोरच्याची नक्कल करायचा. कधी उलगडायचं, कधी नाही. धुळाप्पा तपकीर ओढायला लागला की हाही चिमूट नाकाशी नेई. धुळाप्पाला वाटलं, हा आपल्याला वेडावतोय. त्यानं बोलणंच सोडलं.

एका संध्याकाळी मायाक्का चुलीपुढे पदर डोळ्यांना लावून बसली होती. बिरप्पानं धोतराचा सोगा आपल्या डोळ्यांना लावला. जरा वेळानं त्याचे डोळे खरंच भरून आले.

"तू रडतीस," तो म्हणाला.

"व्हय."

"का गं?"

तिनं वर पाहिलं. सोगा धरून बसलेला नवरा बघून तिला रडता रडताच हसू फुटलं. बिरप्पा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, पण रडण्याकडं न्यायचे की हसण्याकडं ते त्याला कळेना.