लाँड्रीतला न धुतलेला टॉवेल

मित्रांनो, आधी पोटभर नाक मुरडून घ्या. मी रागावणार नाही. मी एक जुना टॉवेल आहे. ज्या लाँड्रीत आजूबाजूचे सगळे कपडे कडक इस्त्री करून साबणाच्या वासात मिरवतात, तिथे मी एकटाच दोन-दोन महिने न धुता खुंटीवर लटकतो. तरीही या घरातला सगळ्यात मानाचा कपडा मीच आहे. कसा, ते सांगतो.

गिरणीतून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका लॉजने मला विकत घेतले आणि धुलाईसाठी या लाँड्रीत पाठवायला सुरुवात केली. लाँड्रीची मालकीण म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी. डाग तिला पाहूनच निम्मा उतरतो, असे गिऱ्हाइके गमतीने म्हणत. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला ती नंबराची चिंधी टाचायची, म्हणजे ज्याचा माल त्याला बिनचूक परत जाई. माझा नंबर दोनशे चार होता. पण एका प्रवाशाने केसांना कलप लावून माझ्यात डोके पुसले आणि तो डाग काही मावशीलाही दाद देईना. लॉजवाल्याने मला परत घ्यायला नकार दिला. मावशीने माझी चिंधी उसवली आणि मला खुंटीवर टाकले.

"राहा आता इथंच," ती म्हणाली. तेव्हा मला फार अपमान वाटला होता.

पुढे मावशीची लेक निवाऱ्यातून एक कुत्रा घेऊन आली. रस्त्यावर जखमी झालेली, कुणी टाकून दिलेली कुत्री जिथे सांभाळतात, तो निवारा. हा कुत्रा म्हातारा, एका डोळ्याचा. दुकानभर फिरून प्रत्येक गाठोडे तपासायचा, म्हणून त्याचे नाव मुकादम पडले. वर्षभरात बुटकी आली, तीन पायांची आणि तोंडाची भलती फटकळ. दोघांना पुसायचे काम माझ्या वाट्याला आले.

आणि मित्रांनो, तिथे मी पहिल्यांदा थक्क झालो. मुकादम माझ्यात नाक खुपसून, डोळा मिटून कितीतरी वेळ उभा राहायचा. बुटकी कुठे लोळली, कुणाला घाबरली, सकाळी काय खाऊन आली, सगळे त्याला माझ्यावरून कळे. मला जन्मभर वाटत आले होते की टॉवेलची लायकी त्याच्या पांढरेपणात असते. इथे एक म्हातारा माझा मळ पुस्तकासारखा वाचत होता.

तिसरी होती नऊ नंबर. निवाऱ्यातल्या पिंजऱ्याचा नंबर हेच तिचे नाव, आणि गळपट्ट्याला पत्र्याचा बिल्लाही तोच. दोन घरांनी तिला नेऊन परत आणून सोडले होते.

"तिसऱ्यांदा परत आली, तर मी हिला पुन्हा कुणाच्या घरी पाठवणार नाही," निवाऱ्याच्या डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या. "मग ती जन्मभर या पिंजऱ्यातच. दर वेळी नव्यानं मोडते हो बिचारी."

डॉक्टरबाईंची एक पद्धत होती. घरातल्या कुत्र्यांच्या वासाचा कपडा चार दिवस नव्या कुत्र्यापाशी ठेवायचा. मग तो घरी नेऊन बाकीच्यांना हुंगू द्यायचा. आधी नाकांची ओळख, मग समोरासमोर भेट.

अशी माझी रवानगी पिंजऱ्यात झाली. दोन दिवस ती माझ्यापासून लांब, भिंतीला चिकटून बसली. तिसऱ्या दिवशी तिने एक पंजा माझ्यावर ठेवला. चौथ्या दिवशी ती माझ्यावर झोपली. तिची थरथर हळूहळू थांबली, ती मला धाग्याधाग्यात कळली. एवढा भरवसा माझ्यावर कधी कुणी टाकला नव्हता. तो वास जिवापाड सांभाळत मी घरी आलो. लेकीने मला खुंटीवर टांगले आणि मला धुवायचे नाही हे मावशीला न सांगताच ती कामाला निघून गेली.

मावशीने मला पाहिले. पाहुणी यायची आणि खुंटीवर हे असले घाणेरडे काहीतरी! तीस वर्षांची हातांची सवय ती. तिने मला उकळत्या पाण्यात टाकले, दोनदा साबण लावला, वर कडक इस्त्री केली. मला ओरडता आले असते तर! संध्याकाळी मुकादमने मला हुंगले, तो शिंकला आणि निघून गेला.

सोमवारी नऊ नंबर आली, ती त्या दोघांना पूर्ण परकीच. दारातच जुंपली. बुटकीचा कान फाटला, मुकादम गुरगुरत राहिला आणि नऊ नंबर इस्त्रीच्या टेबलाखाली जी शिरली, ती बाहेर येईना. लेकीने रडतच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"रविवारी येते," त्या म्हणाल्या. "तोवर नाही जमलं, तर घेऊन जाते."

"टॉवेल तर हुंगवला होता ना गं आपण?" लेक म्हणाली.

मावशीने मला खुंटीवरून ओढून नाकाशी धरले. "मी धुतला. माझ्याच हातांनी धुतला. साबणाचा वास त्यांना, आणि हिचा वास गटारात!"

मग मावशीने जे केले, ते मी अजून विसरलेलो नाही. ती टेबलाखाली रांगत गेली आणि तिने मला नऊ नंबरच्या पाठीवरून हळूच फिरवले. मग मुकादमच्या मानेवरून, मग बुटकीच्या पोटावरून. त्यानंतर तिने मला स्वतःच्या कमरेला बांधले आणि दिवसभर तशीच इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाइके म्हणू लागली, "मावशी, कसला वास येतोय?"

"घरातल्यांचा आहे. नाक धरा आणि कपडे घेऊन जा," मावशी म्हणायची. डागाशी जन्मभर भांडलेली बाई ही! तिच्या कमरेला मी रोज थोडा जास्त मळत होतो.

रविवारी डॉक्टरबाई पट्टा घेऊन आल्या. नऊ नंबर टेबलाखालीच होती.  मावशीने मला कमरेचे सोडले, दुकानाच्या मधोमध अंथरले आणि ती बाजूला झाली.

मुकादम आला. त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगले, मग तो एका टोकाला बसला आणि त्याने बाकीची जागा मोकळी ठेवली. बुटकी त्याला खेटून बसली. बराच वेळ गेला. मग टेबलाखालून एक नाक आले, एक पंजा आला. नऊ नंबर उरलेल्या जागेवर येऊन बसली आणि तिने मुकादमच्या पाठीवर हनुवटी टेकली. मुकादमने फक्त एक सुस्कारा सोडला. मी केवढा, दोन हात लांब. तीन कुत्री एका टॉवेलवर मावत नाहीत हो. त्या दिवशी मावली.

डॉक्टरबाईंनी पट्टा पिशवीत टाकला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी असे कुणी आले, तर त्याला घासूनपुसून लगेच आपल्यासारखे करायला धावू नका. त्याला वेळ द्या. त्याला आधी तुम्हाला हुंगू द्या. मावशी मला आता धुते, पण तिघांना आधी विचारून.

त्या रविवारी मावशीने आणखी एक काम केले. तिने कात्री घेतली आणि नऊ नंबरच्या गळपट्ट्यावरचा बिल्ला दोरा कापून काढला.

"अहो, नंबर असू द्या, ओळखायला बरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको," मावशी म्हणाली. "आमच्याकडे नंबर असतो तो परत द्यायच्या मालाला."