थंडीआधी आलेला खोकला

मित्रांनो, माझं काम ऐकून लोक नाक मुरडतात, म्हणून ओळख करून देताना जरा संकोच वाटतो. मी एक जुनी, कफ ओढायची मशीन आहे. एक मोटर, एक काचेची बाटली आणि एक लांब रबरी नळी, एवढाच माझा संसार. तान्ह्या बाळाला नाक शिंकरता येत नाही. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, श्वासही पुरत नाही. मग मी घरघरत कामाला लागते.

दरवर्षी थंडी पडली की खोकल्याची साथ यायची आणि आमचा बालवॉर्ड धापा टाकणाऱ्या बाळांनी भरून जायचा. म्हणून मोठ्या सिस्टरांची शिस्तच होती. थंडीच्या तोंडावर, ठरलेल्या दिवशी त्या माझी नळी बदलायच्या आणि तिच्या तोंडाला बोट लावून ओढ बघायच्या. साफसफाई करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या मला पुसताना म्हणायच्या, "चल गं म्हातारे, तुझा सीझन आला." मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

मग ती महासाथ आली. पाळणाघरं बंद झाली, माणसं तोंड झाकून, हात धुऊन वावरू लागली. मोठ्यांच्या वॉर्डात हाहाकार होता आणि आमच्याकडे खाटा रिकाम्या. बाळाला बघायला येणारे, त्याचे पापे घेणारे, सगळे आपापल्या घरात बसले होते, मग खोकला तरी कुठून येणार? सिस्टरांना मोठ्यांच्या वॉर्डात नेलं, मला अडगळीच्या खोलीत. थंडी आली नि गेली. नळी बदलायची राहिली. माझी गरज पडत नाही याचा मला आनंदच होता.

बंधनं उठली ती ऐन उन्हाळ्यात. माणसं कडकडून भेटली, बाळं या कडेवरून त्या कडेवर गेली. ज्यांची या खोकल्याशी कधी गाठच पडली नव्हती, अशी कितीतरी बाळं एकदमच आजारी पडली. सिस्टर परत आल्या, पण गर्दीत त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. आणि तपासणीचा दिवस पाच महिने लांब होता.

त्या गर्दीत मावशींची अडीच महिन्यांची नात आली. मला धावतपळत आणलं, मोटर सुरू केली, पण ओढच लागेना. दीड वर्षात माझी नळी कडक होऊन भेगाळली होती. मी नुसती घरघरत राहिले. सिस्टर दुसरी नळी आणायला वरच्या मजल्यावर धावल्या. त्या येईपर्यंत बाळाचे ओठ निळे पडले होते. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, आजारच जोराचा होता, त्या मिनिटांनी फरक पडला नसता. सिस्टरांना ते पटलं नाही. मलाही नाही.

पंधरा दिवसांनी मावशी कामावर आल्या. सिस्टर मान खाली घालून म्हणाल्या, "मावशी, नळी मी बघायला हवी होती."

मावशींनी हातातलं फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाल्या, "मला सर्दी होती, तरी मी तिला कुशीत घेतलं. साधीच वाटली हो मला." आणि माझ्याकडे बोट करून, "ही तपासायची कशी, ते मला शिकवा."

मित्रांनो, बाळाला घेण्याआधी हात धुवा. सर्दी असेल तर दुरूनच हसा. आणि कोपऱ्यात पडलेल्या मशीनकडे गरज नसतानाही बघत जा, कारण आजार आपलं वेळापत्रक विचारून येत नाही.

आता दर सोमवारी मावशी मला सुरू करतात. म्हातारे म्हणत नाहीत. नळीच्या तोंडाला बोट लावतात, आणि ओढ नीट लागली तरी ते लगेच काढत नाहीत.